पहिली फेरी, विसावा पट : एका खुल्या मानांकन स्पर्धेचे परीक्षण

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याच्या एका उपनगरातील मंगल कार्यालयात पाच दिवसांची, नऊ फेऱ्यांची खुली आंतरराष्ट्रीय मानांकन बुद्धिबळ स्पर्धा झाली. मानांकन म्हणजे निकालांवरून ठरणारा, खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा. प्रवेश शुल्क अडीच हजार रुपये होते, प्रत्येक खेळाडूला नव्वद मिनिटे आणि दर खेळीमागे तीस सेकंदांची भर अशी वेळेची मर्यादा होती, आणि सुमारे २२० खेळाडू उतरले होते. सत्तेचाळिसाव्या वर्षी, बऱ्याच खंडानंतर, मी या स्पर्धेत खेळलो. अशा स्पर्धांबद्दल वाचायला मिळते ते बहुधा निकाल आणि बक्षिसांच्या यादीपुरते असते. पैसे भरून खेळणाऱ्या आणि बक्षिसाच्या जवळपासही न पोहोचणाऱ्या दीड-दोनशे खेळाडूंना तेथे नेमके काय मिळते, हे कोणी लिहीत नाही, म्हणून हे परीक्षण. आयोजकांचे नाव मी देत नाही, कारण ज्या उणिवा मला दिसल्या त्या याच आयोजकांच्या आहेत असे नाही. मी यापूर्वी खेळलेल्या इतर स्पर्धांतही त्या कमी-अधिक प्रमाणात होत्याच.

प्रथम जमेच्या बाजू सांगतो. पट आणि सोंगट्या योग्य आकाराच्या होत्या, घोड्याची मान मोडलेली नव्हती की वजिराच्या जागी दुसऱ्या संचातला वजीर बसवलेला नव्हता. घड्याळे सर्व डिजिटल आणि एकाच बनावटीची होती, त्यामुळे दर फेरीला नवे बटण शोधावे लागले नाही. मोबाइल जमा करण्यासाठी दाराशी टोकनची व्यवस्था होती आणि ती पाचही दिवस शिस्तीने चालली. पंच शांत स्वभावाचे आणि नियमांचे पक्के जाणकार होते. वाद झाला की ते आधी दोन्ही घड्याळे थांबवत, दोघांचे म्हणणे ऐकून घेत आणि मगच निर्णय देत. जोड्या आणि निकाल चेस-रिझल्ट्स या संकेतस्थळावर लागत असल्याने फलकाभोवतीची रेटारेटी पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाली आहे. पिण्याचे पाणी मुबलक होते. स्वच्छतागृहे मात्र पहिल्या दिवशी दुपारपर्यंतच स्वच्छ राहिली.

आता मुख्य विषयाकडे येतो. स्विस पद्धतीच्या स्पर्धेत, म्हणजे जिथे कोणी बाद होत नाही आणि दर फेरीला सारख्या गुणांच्या खेळाडूंची गाठ घालतात तिथे, पहिल्या फेरीच्या जोड्या कशा लागतात हे बाहेरच्या वाचकांना ठाऊक असेलच असे नाही. सर्व खेळाडू मानांकनाप्रमाणे उतरत्या क्रमाने मांडतात, यादीचे दोन समान भाग करतात आणि वरच्या अर्ध्यातील पहिल्याची गाठ खालच्या अर्ध्यातील पहिल्याशी, दुसऱ्याची दुसऱ्याशी अशी घालतात. माझा क्रमांक १३० वा होता, म्हणून विसाव्या पटावर विसाव्या क्रमांकाच्या खेळाडूसमोर मला पांढऱ्या सोंगट्या मिळाल्या. माझे मानांकन १५८७, त्याचे २१४२. हे १५८७ सुद्धा मी खेळून मिळवलेले नाही. माझे जुने मानांकन १३१२ होते; मार्च २०२४ मध्ये फिडेने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने, २००० च्या खालील सर्वांच्या मानांकनात २००० पासूनच्या अंतराच्या चाळीस टक्के इतकी एकरकमी वाढ दिली, तेव्हा ते आपसूक वर गेले. प्रत्यक्षात माझ्यासमोर बसलेला चौदा वर्षांचा मुलगा आणि मी यांच्यातील अंतर आकड्यांत दिसते त्याहून अधिक होते, कमी नव्हते.

अशा विषम लढतीत कोणाचे काय पणाला लागते, याचा हिशेब हंगेरीत जन्मलेले अमेरिकी प्राध्यापक आर्पाद एलो यांनी मांडला आणि फिडेने १९७० मध्ये तो स्वीकारला. दोन मानांकनांत चारशेपेक्षा जास्त फरक असला, तरी आमच्या पातळीवर तो चारशेच धरला जातो आणि फिडेच्या तक्त्यानुसार वरच्या खेळाडूकडून शंभर डावांत (विजयाचा एक, बरोबरीचा अर्धा असे) ९२ गुणांची अपेक्षा असते. एका डावाने मानांकन किती हलते हे ठरवणारा माझा गुणक वीस असल्यामुळे हरल्यास माझ्या मानांकनातून १.६ गुण जाणार होते, बरोबरी झाल्यास ८.४ आणि जिंकल्यास १८.४ मिळणार होते. त्या मुलाचा गुणक, अठरा वर्षांखालील आणि २३०० च्या आतला असल्यामुळे, चाळीस. जिंकून त्याला मिळणार ३.२ गुण आणि साध्या बरोबरीने त्याचे जाणार १६.८. पहिल्या फेरीत विसाव्या पटावर बसलेल्या त्या मुलाच्या कपाळावर आठी का होती, हे या आकड्यांवरून कळते. दुबळ्या खेळाडूला अशा डावात जवळजवळ काहीच गमवायचे नसते, आणि म्हणूनच हा डाव त्याच्यासाठी संपूर्ण स्पर्धेतला सर्वांत मोलाचा असतो. एरवी दोन हजारांच्या वरचा खेळाडू आपल्यासारख्याबरोबर चार तास मनापासून, जिंकण्याच्या ईर्षेने खेळायला कोठे बसतो? क्लबात बसला तरी तो पाच मिनिटांचे डाव खेळतो, आणि तेही हसतखेळत. येथे तो प्रत्येक खेळी लिहून घेतो, प्रत्येक खेळीची किंमत मोजतो.

याच कारणासाठी आयोजकांनी जलद जोडीची पद्धत वापरली नाही, याचे मी स्वागत करतो. २०१६ च्या बाकू बुद्धिबळ ऑलिम्पियाडपासून परिचित झालेल्या त्या पद्धतीत वरच्या अर्ध्याला सुरुवातीच्या फेऱ्यांपुरते काल्पनिक गुण देऊन तुल्यबळ खेळाडूंची गाठ लवकर घातली जाते. त्यामुळे वरच्यांची स्पर्धा लवकर रंगते हे खरे आहे. परंतु खालच्या अर्ध्यातील शंभर-सव्वाशे जणांची ती एकमेव मोठी लढत त्यात हिरावली जाते. खुल्या स्पर्धेचा खर्च ज्यांच्या शुल्कातून निघतो त्यांच्या वाट्याला निदान एक असा डाव यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

फेरी साडेनऊला सुरू व्हायची होती, ती उद्घाटनाच्या भाषणांमुळे दहा वाजून वीस मिनिटांनी सुरू झाली. मी राजाचे प्यादे दोन घरे पुढे टाकले, त्याने सिसिलियन बचाव निवडला, आणि मी दुसऱ्या खेळीत सी या उभ्या पट्टीवरचे प्यादे एक घर सरकवून वाद टाळला. माझ्यासारखे नोकरदार खेळाडू ही पद्धत का खेळतात हे उघड आहे : पाठांतर कमी लागते. पहिल्या पंधरा खेळ्यांपर्यंत सारे ठीक चालले होते. दोघांनीही किल्लेकोट केला होता, एकेक घोडा मारला गेला होता, आणि माझी स्थिती त्याच्याइतकीच चांगली आहे असा माझा समज होता. तो समज पुढे खराही ठरला. सोळाव्या खेळीत त्याने अर्ध्या मिनिटात एच पट्टीवरचे प्यादे एक घर पुढे केले, खेळी लिहिली, घड्याळ दाबले आणि तो उठून दुसऱ्यांचे डाव पाहायला निघून गेला.

मी त्या प्याद्याकडे बावीस मिनिटे पाहत राहिलो. इतक्या बलवान खेळाडूने केलेली खेळी विनाकारण असणार नाही, यामागे काहीतरी डाव शिजत असणार, अशी माझी खात्री होती. उंट कोठे जाईल, वजीर कोठून शिरेल, माझ्या राजासमोर काय कट आहे, सारे पाहिले. काही सापडले नाही, तेव्हा न सापडलेल्या धोक्यावर उपाय म्हणून मी चांगल्या घरी बसलेला घोडा मागे घेतला. एकोणिसाव्या खेळीनंतर मी खेळी करून, घड्याळ दाबण्यापूर्वी, नियमाप्रमाणे बरोबरीचा प्रस्ताव ठेवला. त्याने मान वर न करता नकार दिला. तेविसाव्या खेळीत मी एक प्यादे गमावले.

येथून पुढे मी खेळलो ते मात्र समाधानाने सांगण्यासारखे आहे. एक प्यादे कमी असताना मी हातघाईला आलो नाही. अदलाबदल करत करत वजीर, उंट आणि उरलेले घोडे पटावरून उतरवले आणि हत्तींच्या डावात शिरलो. पन्नासाव्या खेळीच्या आसपास पटावर दोन राजे, दोन हत्ती आणि त्याचे एकच प्यादे उरले होते : ई पट्टीवर, माझ्या बाजूने मोजता चौथ्या ओळीत. माझा राजा त्याच्या वाटेवर, पहिल्या ओळीत बसला होता. ही स्थिती अठराव्या शतकातील फ्रेंच खेळाडू आणि संगीतकार फिलिडोर यांच्या नावाने ओळखली जाते, आणि ती बरोबरीची आहे. बचाव करणाऱ्याने हत्ती तिसऱ्या ओळीवर ठेवायचा, म्हणजे समोरचा राजा पुढे येऊ शकत नाही. प्यादे तिसऱ्या ओळीत सरकले की हत्ती थेट आठव्या ओळीवर नेऊन मागून शह देत राहायचे, कारण आता त्या राजाला लपायला आडोसा उरलेला नसतो. हे मला माहीत होते. किमान वीस वर्षांपासून माहीत होते.

माझ्या घड्याळात एक्केचाळीस सेकंद होते. तीस सेकंदांची भर असलेल्या डावात शेवटपर्यंत प्रत्येक खेळी लिहावी लागते, त्यामुळे विचाराला प्रत्यक्षात वीस-बावीस सेकंद मिळतात. हाताला घाम आल्याने स्कोअरशीटवर पेन उमटत नव्हते. त्याने हत्तीने एक शह दिला, माझा राजा एक घर सरकला, आणि मला एकदम वाटले की राजा उघडा पडला आहे, हत्ती त्याच्या शेजारी हवा. मी हत्ती तिसऱ्या ओळीवरून उचलून पहिल्या ओळीवर आणला. त्या मुलाने त्या क्षणी खुर्ची पुढे ओढली, दोन्ही कोपर टेबलावर ठेवले आणि प्रथमच पूर्ण तीन मिनिटे विचार केला. मग त्याचा राजा मोकळ्या झालेल्या तिसऱ्या ओळीवर आला. मधल्या पट्टीवरचे प्यादे असेल तर पहिल्या ओळीवर बसून केलेला बचाव टिकत नाही. एकाहत्तराव्या खेळीला मी डाव सोडला. दोन वाजून पाच मिनिटे झाली होती.

हस्तांदोलन करताना तो मुलगा म्हणाला, "काका, वेळ आहे का तुम्हाला? डाव बघू या का?" या प्रश्नासाठी मी या स्पर्धेला आलो होतो असे म्हटले तरी चालेल. आणि नेमकी येथेच व्यवस्था कोलमडली.

माहितीपत्रकात 'स्वतंत्र विश्लेषण कक्ष' असे ठळक अक्षरांत छापलेले होते. आम्ही तो शोधत गेलो, तेव्हा त्या खोलीत मंगल कार्यालयाच्या जादा खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि दाराशी बुद्धिबळाची पुस्तके व संच विकणाऱ्याने टेबल मांडले होते. सभागृहात बसू द्यावे म्हणून विचारले, तर स्वयंसेवक तीनच्या फेरीसाठी पट लावत होते; त्यांनी सभ्यपणे, पण ठामपणे बाहेर जायला सांगितले, आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. अखेर चपलांच्या कपाटाजवळच्या पायरीवर आम्ही बसलो. मुलाने पिशवीतून चुंबकी सोंगट्यांचा लहान पट काढला. त्याचे वडील हातात जेवणाचा डबा घेऊन उभे होते; त्यांनी घड्याळाकडे पाहिले, पण मुलाला उठवले नाही. मी त्यांचा ऋणी आहे.

त्या वीस मिनिटांत मला जे मिळाले ते माझ्या मोबाइलवरील मोफत विश्लेषण यंत्राने रात्री दोन तासांतही दिले नाही, हे मी काळजीपूर्वक आणि अनुभवाने लिहितो. यंत्र अचूक असते. सोळाव्या खेळीनंतर स्थिती समसमान होती आणि माझा घोडा मागे घेणे चूक होते, हे त्याने क्षणात दाखवले. परंतु मी घोडा मागे का घेतला, हे यंत्र विचारत नाही. मुलाने विचारले. मी म्हणालो, तुझ्या एच प्याद्यामागे काय बेत होता ते मला कळेना. तो म्हणाला, "बेत काहीच नव्हता, काका. तुमचं सगळं नीट लागलं होतं, मला फोडायला काही दिसत नव्हतं. म्हणून मी खेळायची पाळी तुमच्यावर टाकली." चौदा वर्षांच्या मुलाचे हे उत्तर ऐकून मी थोडा वेळ गप्पच बसलो. बलवान खेळाडू दुबळ्याला हरवतो तो दरवेळी खोल आकडेमोड करून नव्हे. काही करण्यासारखे नसताना तो शांत राहू शकतो आणि आपल्याला शांत राहता येत नाही, हे मी याआधी अनेकदा वाचले होते, पण माझ्याच डावावर, माझ्याच बावीस मिनिटांच्या किमतीसह, ते कोणी दाखवले नव्हते.

बरोबरीच्या प्रस्तावाचेही त्याने मोकळेपणाने सांगितले. स्थिती त्या वेळी बरोबरीचीच होती, पण बरोबरी केली असती तर त्याचे जवळजवळ सतरा गुण गेले असते आणि ते भरून काढायला अशाच पाच-सहा लढती जिंकाव्या लागल्या असत्या. हत्तींच्या डावाविषयी त्याने फारसे काही सांगितले नाही. चुंबकी पटावर माझा हत्ती पुन्हा तिसऱ्या ओळीवर ठेवला आणि म्हणाला, "इथून हलवायचा नाही." मग स्वतःचा राजा पुढे आणून दाखवायचा प्रयत्न केला, प्यादे सरकवले, मी मागून शह दिले, आणि चार-पाच खेळ्यांत दोघांनाही हसू आले, कारण खरोखरच त्याला लपायला जागा नव्हती.

दुसऱ्या फेरीत चित्र उलटे झाले. शून्य गुणांच्या गटात आता मी वरच्या क्रमांकांत होतो आणि समोर मानांकन नसलेली नऊ वर्षांची मुलगी आली. अशा डावाचा माझ्या मानांकनावर काहीही परिणाम होत नाही, तिच्या पहिल्या मानांकनाच्या हिशेबात मात्र तो धरला जातो. तिने चांगली सुरुवात केली, मधेच घाईने उंट गमावला आणि अडतिसाव्या खेळीला डाव सोडला. मी तिला चूक दाखवू लागलो तोच स्वयंसेवकाने पट आवरायला घेतला, आणि ती आईचा हात धरून निघून गेली. तिला जे सांगायचे राहिले ते एका मिनिटाचे होते.

पुढील फेऱ्यांविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे. नवातून साडेचार गुण मिळाले. तिसऱ्या दिवसापासून फेऱ्या वेळेवर सुरू झाल्या. दुपारी पश्चिमेकडच्या खिडक्यांतून पटांवर उन्हाची तिरीप येत होती. चौथ्या दिवशी पडदे लागले. पालकांना सभागृहाबाहेर थांबवले होते, पण काचेच्या दारामागे सतत उभ्या असलेल्या गर्दीचा ताण लहान मुलांवर येत होता, हे त्यांच्या दाराकडे वळणाऱ्या नजरांतून दिसत होते.

माझी मुख्य तक्रार विश्लेषणाच्या जागेचीच आहे, आणि ती गौण समजली जाऊ नये. महाराष्ट्राला या खेळाची जुनी परंपरा आहे. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या माध्यमातून वर्षानुवर्षे स्पर्धा भरवून खेळाडू घडवले, आणि आज नाशिकचा विदित गुजराथी, नागपूरची दिव्या देशमुख ही नावे जगभर घेतली जातात. प्रत्येक खुल्या स्पर्धेतील वरच्या वीस पटांवर असा एखादा मुलगा किंवा मुलगी बसलेली असते, आणि समोर माझ्यासारखा कोणीतरी. त्या दोघांना डाव संपल्यावर अर्धा तास बसता आले तर प्रवेश शुल्क सत्कारणी लागते. त्यासाठी भोजनगृहाच्या कोपऱ्यात सहा टेबले, सहा जुने संच आणि 'येथे हळू बोला' एवढी पाटी पुरेशी आहे. दोन फेऱ्यांच्या मध्ये, लांबलेल्या डावांसाठी, किमान दीड तासाचे अंतरही हवे. पहिल्या दिवशी पावणेचार तास खेळून उठलेल्यांना जेवायला मिळाली ती जेमतेम पन्नास मिनिटे.

या सूचना मी समारोपाच्या दिवशी मुख्य पंचांकडे लेखी दिल्या. त्यांनी त्या माझ्यासमोर वाचल्या आणि आयोजकांकडे पाठवतो असे सांगितले. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेसाठी मी नाव देणार आहे. ज्यांचे मानांकन १४०० ते १७०० च्या दरम्यान आहे आणि जे बक्षिसाचा नव्हे तर खेळाचा विचार करून येतील, त्यांनीही द्यावे. येताना पिशवीत एक लहान चुंबकी पट अवश्य ठेवावा. मी परवाच आणला.